वळिवड्याच्या बराकींतली शाळा

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी गाडी रुकडी सोडते, पंचगंगेचा पूल ओलांडते आणि वळिवडे नावाच्या लहानशा स्टेशनवर क्षणभर थांबते. डब्यातले बहुतेक लोक तोवर सामान आवरत असतात, कारण पुढे गूळ मार्केट आणि मग कोल्हापूरच. उतरणाऱ्यांचे लक्ष असते ते शेजारच्या गांधीनगरच्या कापडबाजाराकडे. याच जागेवर 1943 ते 1948 या काळात पोलंडचे एक अख्खे गाव वसले होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सुमारे 5,000 वस्ती, त्यात बहुसंख्य बायका आणि मुले. चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, पोस्ट, बाजार आणि शाळा, एक नव्हे तर कितीतरी. बालवाडीपासून शालान्त परीक्षेपर्यंतचे सगळे शिक्षण पोलिश भाषेत, ज्वारी आणि उसाच्या मुलखात.

मी राहतो नाशिकच्या सातपूरला, वळिवड्यापासून साडेचारशेएक किलोमीटरवर. या विषयाकडे वळायला निमित्त झाले ते मधल्या सुट्टीचे. आमच्या भागातल्या महापालिकेच्या शाळेत दुपारी घंटा होते आणि मुले ताटल्या घेऊन रांगेत बसतात. शालेय पोषण आहार देशात 1995 पासून सुरू आहे, त्यामुळे शाळा आणि खिचडी ही जोडी आज कुणाला नवलाची वाटत नाही. पण परकी सत्ता देश व्यापते तेव्हा ती पहिला घाला याच दोन गोष्टींवर घालते, मुलाच्या ताटावर आणि त्याच्या पाटीवर. वळिवड्याला आलेल्या मुलांच्या बाबतीत हे दोन्ही झाले होते आणि दोन्हींची दुरुस्ती कोल्हापूर संस्थानात झाली.

गोष्ट सुरू होते 1 सप्टेंबर 1939 ला. त्या दिवशी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. सतरा तारखेला सोव्हिएत रशियाचे सैन्य पूर्वेकडून घुसले आणि महिन्याभरात देश दोघांत वाटला गेला. जर्मन भागात त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला क्राकूवच्या याग्येलोनियन विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाला म्हणून बोलावून पकडण्यात आले. त्यांची संख्या 180 च्या वर होती आणि त्यांना छळछावणीत धाडले गेले. पोलिश मुलांसाठी माध्यमिक व उच्च शिक्षण बंद झाले. नाझी नेता हाइनरिश हिमलर याने मे 1940 मध्ये लिहिलेल्या टिपणात पोलिश मुलाला चार इयत्ता पुरेत असे म्हटले आहे. पाचशेपर्यंत अंक यावेत, स्वतःचे नाव लिहिता यावे आणि जर्मनांची आज्ञा पाळणे हा ईश्वरी नियम आहे हे समजावे. वाचता येण्याची गरज त्याला वाटली नव्हती.

ताटाचा हिशेबही असाच काटेकोर होता. वॉर्सॉमध्ये 1941 साली शिधापत्रिकेवर जर्मन माणसाला दिवसाला 2,613 कॅलरी मिळत, पोलिश माणसाला सातशेहूनही कमी आणि ज्यू माणसाला 184. म्हणजे शिध्यावरच जगायचे म्हटले तर पोलिश माणूस उपासमारीला लागणार आणि ज्यू माणूस मरणारच, असा तो आकडा आहे. लोक काळ्या बाजारावर जगले. मुले शहराच्या वेशीवरून बटाटे-पीठ चोरून आणत, वॉर्सॉच्या ज्यू वस्तीच्या भिंतीतल्या भोकांतून तर अगदी लहान मुले ये-जा करत. आणि शिक्षक? त्यांनी ऑक्टोबर 1939 मध्येच गुप्त शिक्षणाची संघटना उभी केली होती. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पाच-सहा मुले जमत, पुस्तक पिशवीत बटाट्यांखाली असे. पकडले गेले तर शिक्षकाचा जीव जाई. तरी हे वर्ग युद्धभर चालले.

पूर्वेकडची, सोव्हिएत ताब्यातली रीत निराळी होती. तिथे शाळा बंद झाल्या नाहीत, बदलल्या. भिंतीवरचे क्रूस उतरले, धर्माचा तास गेला, पोलिशच्या जागी युक्रेनियन, बेलारूसी किंवा रशियन आली. त्या मुलांच्या आठवणींत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. बाई सांगतात, देवाकडे गोळ्या मागा. मुले मागतात, काही मिळत नाही. मग बाई म्हणतात, आता स्टॅलिनकडे मागा, आणि मुलांच्या पुढ्यात गोळ्या येऊन पडतात. भुकेल्या मुलाला धडा शिकवण्याचा याहून सोपा मार्ग सापडणे कठीण.

पुढचे पाऊल हद्दपारीचे. 10 फेब्रुवारी 1940 च्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, पहिली मोठी उचल झाली. एप्रिल आणि जूनमध्ये पुन्हा, नंतर जून 1941 मध्ये. रात्री दार वाजे, अर्ध्या-एक तासात जे हाताला लागेल ते बांधायचे आणि गुरांच्या वाघिणीत चढायचे. आत फळ्यांचे माचे, एक लोखंडी शेगडी, तळाला शौचासाठी भोक. असा आठवडोन्‌आठवड्यांचा प्रवास करून कुणी सैबेरियाच्या जंगलात लाकूडतोडीला पोचले, कुणी अर्खांगेल्स्कला, कुणी कझाकस्तानच्या सामुदायिक शेतांवर. हद्दपार झालेल्यांचा आकडा लाखांत आहे.

काम न करणाऱ्याने खाऊ नये, हे तत्त्व सोव्हिएत राज्यघटनेत लिहिलेलेच होते. म्हणून काम करणाऱ्याला पावाचा मोठा तुकडा, मुलांना नि म्हाताऱ्यांना लहान. मराठी वाचकाला ओळखीच्या वाटतील अशा दोन गोष्टी इथे सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे गोवऱ्या. कझाकच्या माळावर झाडच नाही, तेव्हा शेणात गवताचा भुसा कालवून, थापून, वाळवून त्यांवर चूल पेटवायची. तिकडे त्याला किझ्याक म्हणतात. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, सैनिकी अधिकाऱ्यांच्या मुलींनी तिथे शेण थापले, आणि दोन-तीन वर्षांनी कोल्हापूरच्या वाटेवर त्यांना घरांच्या भिंतींवर त्याच गोल चकत्या दिसल्या. दुसरी गोष्ट भाजीची. बर्फ वितळला की मुले रानात खाजकुइरीसारखी आग करणारी पाने आणि लेबेदा नावाचा पाला खुडायला जात. लेबेदा म्हणजे आपल्या चाकवत-चंदनबटव्याच्या कुळातली वनस्पती. आपल्याकडे ती ताकातल्या भाजीची मानकरी, तिथे नुसत्या पाण्यात उकळून पोट भरायचे साधन.

शाळा म्हणावी तर रशियन शाळा होती, पण बूट नसलेल्या मुलाने उणे तीस अंशांत तिथे जायचे कसे? कित्येकांचे शिक्षण आईच्या तोंडूनच चालले.

22 जून 1941 रोजी जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि पट उलटला. 30 जुलैला लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी स्टॅलिनच्या सरकारने करार केला, ऑगस्टमध्ये कैद्यांना ‘माफी’ जाहीर झाली. कोणत्या गुन्ह्याची, ते विचारू नये. जनरल अँडर्सच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले आणि त्या सैन्याच्या वाटेने हजारो कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. 1942 च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये जहाजे भरभरून एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्या बंदराचे आजचे नाव अंझली.

किनाऱ्यावर ब्रिटिश सैन्याने तंबू ठोकले होते, अन्न तयार होते. आणि नेमके त्या अन्नाने माणसे मेली. डब्यातले मांस, मेंढीच्या चरबीचा रस्सा, तांदूळ असे सगळे दोन वर्षे भुकेल्या पोटांत एकदम गेले. अतिसार, आमांश, टायफस यांनी थैमान घातले. अंझलीच्या दफनभूमीत सहाशेहून अधिक पोलिश थडगी आहेत.

याचे कारण आज नीट माहीत आहे. दीर्घ उपासात शरीरातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे रिकामे होत जातात. रक्तातले प्रमाण मात्र कसेबसे टिकून असते. अशा वेळी भरपेट जेवण मिळाले की इन्शुलिन उसळते, पेशी साखरेबरोबर फॉस्फरसही रक्तातून ओढून घेतात आणि हृदयाचे, श्वसनाचे स्नायू अचानक बळ गमावतात. पहलवीच्या किनाऱ्यावर भात वाढणाऱ्या सैनिकाला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून भुकेचा आणि भुकेनंतरच्या खाण्याचा प्रयोग सुरू केला तो नोव्हेंबर 1944 मध्ये. घरातल्या म्हाताऱ्या बायका मात्र उपास सोडणाऱ्याला पेज आधी देत आल्या, हे त्या प्रयोगाच्या आधीपासूनचे शहाणपण आहे.

वाचलेल्या मुलांची एक सवय बरीच वर्षे टिकली. इस्फाहानच्या अनाथालयांत असो वा पुढे भारतात, जेवणानंतर पावाचा तुकडा खिशात जाई आणि रात्री उशीखाली. गाद्या झाडताना खाली वाळलेल्या तुकड्यांचा ढीग सापडे. उद्या पुन्हा मिळेल यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.

याच सुमारास एक विलक्षण काम झाले. पोलिश सैन्याच्या लेखनिकांनी सुटून आलेल्यांच्या हकीकती लिहून घ्यायला सुरुवात केली आणि शाळांमधून मुलांनाही निबंध लिहायला सांगितले. आम्हाला घरातून कसे नेले, काय खाल्ले, कोण मेले. शुद्धलेखनाच्या चुकांसह, कोरड्या वाक्यांत लिहिलेले हे निबंध आज अमेरिकेतल्या हूवर संस्थेच्या संग्रहात आहेत. 1981 साली त्यांतले निवडक इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. शाळेचा निबंध हा इतिहासाचा अस्सल पुरावा ठरल्याची अशी उदाहरणे कमीच असतील. ‘माझा आवडता प्राणी’ लिहिण्याच्या वयात त्यांनी भावंडाचा मृत्यू लिहिला.

इराण हा थांबा होता, मुक्काम नव्हे. मुलांना घेणार कोण? जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे आले. त्यांनी समुद्राकाठी बालाचडीला 1942 मध्ये अनाथ मुलांची छावणी बांधून दिली, मुले त्यांना बापू म्हणत. मशहद, क्वेट्टामार्गे ट्रकने आलेली पहिली तुकडी बालाचडीला जाण्याआधी काही महिने मुंबईत वांद्र्याला राहिली होती. मुंबईतले पोलिश वाणिज्य दूत बनासिन्स्की आणि रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी या साऱ्या प्रकरणात जिवापाड धावपळ केली. किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि 1991 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बालाचडी मुलांची छावणी होती. कुटुंबांसाठी, म्हणजे आई आणि तिच्या भोवतीची पोरे, कारण बाप एकतर सैन्यात किंवा मातीत, मोठी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात मिळाली. राजाराम महाराज 1940 मध्ये वारले होते, दत्तक शिवाजी महाराज तान्हे होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. जून 1943 मध्ये कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांतून पहिली कुटुंबे वळिवड्याला आली. वळीव संपून मृगाचा पाऊस सुरू व्हायचे ते दिवस. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले, पुढे ओसरी, आत दोन खोल्या आणि चूल, अशा बराकींच्या रांगा माळावर तयार होत्या. बर्फातून आलेल्या माणसांनी कोल्हापूरचा पाऊस त्या तट्ट्यांमधून पाहिला.

भारतात तेव्हा काय चालले होते? मार्च 1942 मध्ये रंगून जपानकडे गेले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. 1943 मध्ये बंगालात दुष्काळ पडला, त्यात तीस लाखांपर्यंत माणसे गेली असे मानले जाते. मुंबईत त्याच वर्षी मे महिन्यात रेशन सुरू झाले, म्हणजे वळिवड्याला पहिली गाडी पोचण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. 1946 च्या सुरुवातीला तर माणशी धान्य दिवसाला 12 औंसांवर, साधारण 340 ग्रॅमवर आणावे लागले. नाशिक जिल्ह्यात जुनी माणसे रेशनच्या दुकानाला अजून ‘कंट्रोल’च म्हणतात, तो शब्द या काळातला. अशा टंचाईत पाच हजार पाहुण्यांचे पोट भरायचे होते. खर्च लंडनमधले पोलिश सरकार ब्रिटिशांकडून घेतलेल्या कर्जातून करीत होते, म्हणजे उपकाराचा ताळेबंद मांडताना तेही सांगायला हवे. कुटुंबाला महिन्याला ठरावीक भत्ता मिळे आणि बायका छावणीतल्या बाजारात कोल्हापुरी दुकानदारांशी घासाघीस करून घरी रांधत. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सामुदायिक स्वयंपाकघरातल्या रांगेत उभे राहणे वेगळे आणि आईने चुलीवर केलेले खाणे वेगळे. तीन वर्षांनी या मुलांना पुन्हा घरचे जेवण मिळाले.

शाळेचा प्रश्न चुलीपेक्षा अवघड होता. बारा वर्षांचा मुलगा दुसरीत शिकता शिकता उचलला गेलेला. त्याला आता बसवायचे कुठे? पाठ्यपुस्तके नाहीत, वह्या नाहीत. सुशिक्षित पुरुषांतले कित्येक रशियात मारले गेले होते. एकट्या 1940 च्या वसंतात कातिन व इतर ठिकाणी सुमारे 22,000 पोलिश अधिकारी, शिक्षक, डॉक्टर, वकील यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. तेव्हा जी बाई शिकलेली ती शिक्षिका झाली. मोठ्या मुलांसाठी वेगाने पुढे नेणारे वर्ग चालवले. सुरुवातीला बाईंनी सांगायचे आणि मुलांनी उतरून घ्यायचे, तीच वही पुढे पुस्तक म्हणून वापरायची. पश्चिम आशियातल्या पोलिश सैन्याने जेरुसलेममध्ये छापलेली क्रमिक पुस्तके मग येऊ लागली. चार प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, शिक्षिका घडवणारे विद्यालय, व्यापारी शिक्षण, असा पसारा उभा राहिला. मुंबईहून ‘पोलाक व इंडियाख’ म्हणजे भारतातला पोलिश माणूस, या नावाचे नियतकालिक निघे. क्षयाने पोखरलेल्यांची सोय पाचगणीच्या हवेत केली होती.

वर्गाबाहेरची शाळा बालवीरांची. मुले पंचगंगेत पोहत, पन्हाळ्यावर तळ ठोकत. त्यांना शिकवायला आलेल्यांत झ्दिस्वाव पेश्कोव्स्की हे तरुण अधिकारी होते, कातिनच्या कत्तलीतून वाचलेल्या मोजक्यांपैकी एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या मृतांची आठवण जागती ठेवण्यात त्यांनी आयुष्य घालवले.

इथे एक विरोधाभास नोंदवतो, कारण तो आमच्या नाशिकजवळचा आहे. पोलिश निर्वासितांसाठी कोल्हापूरला घरे बांधली गेली त्याच महायुद्धात शत्रुराष्ट्रांचे नागरिक म्हणून जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना नगर आणि देवळालीला तारेच्या कुंपणात ठेवले होते. तिबेटमधल्या सात वर्षांमुळे जगप्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हा देवळालीहूनच पुढे डेहराडूनला हलवला गेला. आजच्या एकाच राज्यात, एकाच युद्धात दोन तऱ्हेचे युरोपीय, दोन तऱ्हेची कुंपणे.

आणि व्यापलेल्या देशातले बालपण ही युरोपचीच गोष्ट आहे असेही नाही. भगूरच्या सावरकरांमुळे अंदमान म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आठवतो. पण ती बेटे मार्च 1942 ते ऑक्टोबर 1945 जपानच्या ताब्यात होती. पोर्ट ब्लेअरच्या शाळांत जपानी शिकवली गेली, धान्याची जहाजे थांबली, लोक कंदमुळांवर आले. डॉक्टर आणि कवी दिवाणसिंग कालेपानी यांचा छळात जानेवारी 1944 मध्ये मृत्यू झाला. ऑगस्ट 1945 मध्ये शेकडो माणसांना शेती करा म्हणून जहाजातून हॅवलॉक बेटाजवळ नेऊन समुद्रात उतरवले. त्यांतले बहुतेक बुडाले किंवा उपासमारीने मेले. पाठ्यपुस्तकात याला एक परिच्छेदही मिळत नाही.

वळिवड्याकडे परत येतो. युद्ध संपले, पण घरी जाणे झाले नाही. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला ठरलेल्या सीमेनुसार या कुटुंबांची गावे, ल्वूव शहरासकट, सोव्हिएत संघात गेली. 5 जुलै 1945 रोजी ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा आधारच गेला. पुढचा भार आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने उचलला. भूगोलाच्या तासाला शिकवलेला नकाशा आता अस्तित्वात नव्हता. कुणी पोलंडला परतले, बरेचजण सैन्यातल्या बापा-भावांमागे इंग्लंडला गेले, काही पूर्व आफ्रिकेत, पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियात. काही मुली इथेच लग्न करून राहिल्या. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथे उतरली. ज्या कराचीहून पोलिश मुले वळिवड्याला आली होती, त्याच प्रांतातून आता ही आली. वस्तीचे नाव गांधीनगर पडले, आणि त्या कौलांखाली कापडाच्या गाठी सुटू लागल्या.

वॉर्सॉमध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक नोव्हेंबर 2017 मध्ये उभे राहिले. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. तिथल्या एका चौकाला ‘भल्या महाराजांचा चौक’ असे नाव आहे, ते जामसाहेबांवरून. आपल्याकडे कोल्हापूरच्या महावीर उद्यानात एक स्तंभ आहे, 1998 सालचा. अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर तिथवर पाय वळवा. आणि वळिवडे, रुकडी, उचगाव या भागात तुमचे कुणी नव्वदीच्या आसपासचे आजी-आजोबा असतील, तर त्या गोऱ्या पोरांविषयी त्यांना विचारा आणि सांगतील ते लगेच लिहून काढा.